दुसऱ्या मजल्यावरून कार्तिक चौकापर्यंत

माझ्या मुलाने माधवनगरात फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने आम्हाला लिफ्ट दाखवली होती. म्हणजे लिफ्टची जागा दाखवली होती. जिन्याच्या बाजूला एक उभा अंधारा चौकोन, आणि वर त्याचं बोलणं, "यहाँ से सीधे ऊपर, माताजी. आपको तो पैर भी नहीं हिलाना पड़ेगा." लिफ्ट काही आली नाही. त्या चौकोनात पुढे लोकांनी झाडू, बादल्या आणि मोडक्या सायकली ठेवल्या. पाय न हलवण्याबद्दल मात्र तो माणूस अगदी खरं बोलला होता.

त्याआधी आम्ही कार्तिक चौकात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, तळमजल्यावर. माझी थोरली बहीण, ताई, मुलगा-सुनेसोबत त्याच गल्लीत जरा पुढे. आमचे पूर्वज दरबारात कारकुनी करायला म्हणून इकडे हिंदी मुलखात आले आणि इकडचेच होऊन गेले. आम्ही दोघी तर लग्न होऊनही एकाच मोहल्ल्यात राहिलो. मी सरकारी कन्याशाळेत शिकवायचे. जन्मभर उभं राहून शिकवलं; खुर्चीत बसून शिकवणाऱ्या बाया मला कधी आवडल्या नाहीत. शाळा सुटली की आधी ताईकडे आणि मग घरी, असा माझा रस्ता होता. रिटायर झाल्यावर रोज दुपारी ताईकडे. एवढं काय बोलायचो, असं मुलगा विचारायचा. काहीच नाही. भाजी निवडायची, कोणाच्या तरी नावाने बोटं मोडायची, चहा प्यायचा, ऊन उतरलं की नदीवर राम घाटाकडे एक चक्कर मारून यायचं. दोघींचेही नवरे लवकर गेले होते. त्या चक्करीवर आमची गाडी चालली होती.

मग ते नवे दिवस आले. ज्याला त्याला काहीतरी नवीन घ्यायचं होतं. बँका बोलावून कर्ज देऊ लागल्या, ज्या फोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले होते तो महिन्यात घरी येऊ लागला, छपराछपरावर केबलच्या तारा लोंबायला लागल्या. माझा मुलगा विम्याच्या कचेरीत होता, सून कॉलेजात शिकवायची. दोघांनी मिळून फ्लॅट घेतला, दुसऱ्या मजल्यावर. उगाच कशाला खोटं बोलू, मलाही आनंद झाला होता. स्वयंपाकघरात नळ, न्हाणीघरात नळ, आणि गॅलरीत उभं राहिलं की वारा. गुडघे तेव्हा कुरकुर करत होते, पण कुरकुरीकडे लक्ष देणाऱ्यांतली मी नव्हते.

वास्तुशांतीला ताई टांग्यातून आली. तिचे गुडघे माझ्याहून वाईट. जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "मी इथूनच नमस्कार करते तुझ्या वास्तूला." खाली गाड्या लावायच्या जागेत खुर्ची टाकून आम्ही तिला बसवलं, तिथेच तिला श्रीखंड-पुरी पाठवली. मी दोनदा खाली-वर केलं. मुलाने दोन्ही वेळा तोंड वाकडं केलं.

वर पंगतीची तयारी झाली होती. हॉलमध्ये पाट मांडलेले, रांगोळ्या काढलेल्या, आणि एका कोपऱ्यात माझ्यासाठी खुर्ची आणि तिच्यापुढे एक स्टूल. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मांडी घालू नका, जिने कमी करा आणि चालणं चालू ठेवा. माझ्या मुलाला यातलं पहिलं आणि दुसरं तोंडपाठ होतं. तिसरं तो तिथेच दवाखान्यात विसरून आला होता. ती खुर्ची आणि ते स्टूल पाहून माझं डोकं फिरलं. आपल्या घरच्या वास्तुशांतीला मी काय कोपऱ्यात बसून जेवायचं, शिक्षा झालेल्या पोरीसारखं? मी सरळ गेले आणि पंगतीच्या तोंडाशी, पहिल्या पाटावर बसले. मांडी घालून.

जेवण छान झालं. श्रीखंड, मसालेभात, मठ्ठा. पंगत मोठी होती, मुलाच्या ऑफिसातले, सुनेच्या माहेरचे, जुन्या गल्लीतले. सगळ्यांचं झालं, बोटं चाटून झाली, आणि मी उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच. गुडघा सरळ होईना. एक हात जमिनीला टेकला, पाटावरून तसूभर वर झाले आणि पुन्हा खाली. मी इकडेतिकडे पाहिलं. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी वाढणाऱ्याला हाक मारून आणखी मठ्ठा घेतला.

आता आमच्यात कसं आहे, वडीलधारं माणूस उठल्याशिवाय पंगत उठत नाही. त्या पंगतीत सगळ्यांत मोठी मी. मी मठ्ठा पीत बसले आणि अख्खी पंगत माझ्याकडे बघत बसली. उष्टे हात वाळायला लागले. गप्पा होत्या त्या संपल्या. सुनेच्या वडिलांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघून हसले. कोणीतरी म्हणालं, "काकूंना आज मठ्ठा फार आवडला." मी म्हटलं, "हो, जिरं छान लागलंय." आणि आणखी एक वाटी मागितली. पोटाला तड लागली होती. दुसरी पंगत दाराबाहेर जिन्यावर ताटकळत उभी होती. मनात मी नवस बोलत होते, पण "मला हात द्या रे" हे चार शब्द तोंडातून निघेनात. ज्या बाईने जन्मभर "उभ्या राहा" म्हणून पोरींना दरडावलं, ती हे कोणत्या तोंडाने म्हणणार?

शेवटी सुनेच्या लक्षात आलं. तिने मुलाला खूण केली. दोघांनी काखेत हात घालून, सगळ्यांच्या देखत, मला पाटावरून उचललं. मी उभी राहिल्याबरोबर सगळी पंगत धडाधड उठली, आणि नळाकडे अशी धावली की काय सांगू. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसानंतर माझ्या घरातून जमीन गेली. आठवड्याच्या आत डायनिंग टेबल आलं. पाट माळ्यावर गेले. देव्हारा भिंतीवर छातीइतक्या उंचीवर लागला, माझे डबे वरच्या फळीवर आले, केर काढायला बाई आली. "आई, तुम्ही वाकू नका," "आई, तुम्ही फक्त सांगा," "आई, तुम्ही बसा." सून वाईट नव्हती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. ती सकाळी माझ्या खुर्चीजवळ पाण्याचा तांब्या, औषधं, रिमोट, लांब वायरचा फोन, निवडायची भाजी, सगळं हाताशी मांडून जायची आणि दारातून म्हणायची, "आई, कशाची जरूरतच नाही उठायची, सगळं लावून ठेवलंय." खरंच नव्हती जरूरत. दोन खोल्या आणि एक गॅलरी, यातलं अंतर ते किती, आणि तेही दिवसेंदिवस मला लांब वाटू लागलं.

आणि खाली जायचं नाही. हा नियम कोणी केला, कधी केला, आठवत नाही. "एकटी उतरू नकोस" असं मुलगा म्हणाला होता. दुकटी उतरायला कोणाला वेळ होता? रविवारी दोघं थकून झोपलेले असायचे. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं तेव्हा मुलाने आयडिया काढली. प्लास्टिकच्या खुर्चीत मला बसवलं, आणि तो, बिल्डिंगचा चौकीदार आणि समोरच्या दुकानातली दोन माणसं, असे चौघं मिळून खुर्ची उचलून मला खाली घेऊन निघाले. डोळ्यांना उजेड सहन होत नव्हता म्हणून मी पदर चेहऱ्यावरून घेतला होता. पहिल्या मजल्यावरच्या बाईने दार उघडलं, आम्हाला पाहिलं, आणि दोन्ही हात जोडून म्हणाली, "हे राम! कब हुआ?"

मी पदर बाजूला केला आणि म्हटलं, "अभी नहीं हुआ, बहनजी."

चौकीदाराला हसू आवरेना, खुर्ची डगमगली, मी पडता पडता वाचले. मुलाला मात्र अजिबात हसू आलं नाही. मी त्या दिवशी ठरवलं की चार माणसांनी उचलून नेण्याची माझी पाळी एकदाच येईल आणि तेव्हा मला कळणार नाही. खुर्चीत पुन्हा बसले नाही. मग राहिला फक्त जिना, आणि जिना बंद.

ताई आणि मी फोनवर आलो. रोज दुपारी तीन वाजता. एकाच गावात, सवारीच्या टेम्पोने फार तर पाऊण तासाच्या अंतरावर, दोन बहिणी फोनवर विचारायच्या, आज भाजी काय केली. फोनमध्ये ताईचा आवाज बारीक यायचा. मी म्हणायचे, ताई, मी येते एकदा. ती म्हणायची, "नको, नको. तुझ्याकडे जिना आहे. तू पडशील, मला नावं ठेवतील." पूर्वी ती घाटावरच्या गोष्टी सांगायची, कोणत्या पंड्याने कोणाला कसं फसवलं वगैरे. हळूहळू त्या बंद झाल्या. मी विचारलं, घाटावर जात नाहीस का गं? तर म्हणाली, "गर्दी फार झालीय आता." त्या घाटावर गर्दी कधी नव्हती? मला तिचा राग आला. आणि मग वाटलं, ही बरी नाही, मला सांगत नाहीये. मला तिला डोळ्यांनी बघायचं होतं. दुसरं काही नको होतं.

एक दिवस दोघं कामावर गेल्यावर मी भैरवगढची छापाची जुनी चादर घडी करून घेतली, काठी घेतली, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. वरच्या पायरीवर बसणं सोपं, कारण पाय खाली सोडता येतात. चादर खाली घातली, दोन्ही हात बाजूला टेकले आणि एक पायरी खाली सरकले. मग दुसरी. रांगायच्या आधी पोरं बसल्या बसल्या पुढे सरकतात, तशी. काठी पुढे ढकलायची, चादर ओढून घ्यायची, आपण सरकायचं. साडी पोटऱ्यांच्या वर गेली होती. त्या अंधाऱ्या चौकोनातून कोळिष्टकं आणि सायकली माझ्याकडे बघत होत्या. मध्येच मला हसू यायला लागलं. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाईला वेड लागलं. मला वेड लागलं नव्हतं. मला कित्येक महिन्यांत एवढं शहाणं वाटलं नव्हतं.

खाली कठडा धरून उभी राहिले, साडी झटकली, केस सारखे केले आणि फाटकाबाहेर पडले. टेम्पोत चढताना आतल्या दोन बायकांनी मला दंडाला धरून ओढून घेतलं. "आ जाओ अम्मा, डरो मत." ड्रायव्हरने विचारलं, "कहाँ उतरोगी?" मी म्हटलं, "कार्तिक चौक के पास," आणि तो पत्ता इतक्या मोठ्याने उच्चारला की त्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. रस्ताभर मी लहान मुलीसारखी बाहेर पाहत होते. फ्रीगंजच्या बाजारात नव्या पाट्या लागल्या होत्या, प्रत्येक कोपऱ्यावर पिवळा पीसीओ. माझ्या शाळेची भिंत कोणीतरी गुलाबी रंगवली होती, अगदी घाण दिसत होती. मला फार आनंद झाला होता.

गल्ली तशीच होती. टेम्पो आत जात नाही, म्हणून काठी टेकत गेले, दर थोड्या वेळाने भिंतीला हात लावून उभी राहत. ताईचं घर रस्त्यालगत, एक पायरी चढली की दार. आणि दाराला कुलूप.

इस्पितळात नेली असणार, आणि मला कोणी कळवलंसुद्धा नाही. मी कडी वाजवली, का कोण जाणे, कुलूप दिसत असताना. तर आतून आवाज आला, "कोण आहे?"

"ताई, मी."

मग, "तू कशी आलीस?"

"उतरून आले. दार उघड."

"खिडकीशी ये," ती म्हणाली.

आत खुर्ची सरकवल्याचा आवाज येऊ लागला. खुर्ची पुढे ढकलायची, तिच्या आधाराने दोन पावलं टाकायची, पुन्हा ढकलायची, असं करत ती खिडकीपर्यंत येत होती. मी बाहेर गज धरून उभी. ती दिसली तेव्हा मी तिला ओळखलं, एवढंच म्हणते. आम्ही गजांतून हात धरले. तिचे हात गार होते.

"कुलूप कसलं?"

"काही नाही गं. दार वाजलं की मी घाईने उठते, मागे एकदा पडले. सून म्हणाली, बाहेरून लावून जाते, म्हणजे कोणी वाजवणारच नाही, तुम्हाला उठायलाच नको."

"कधीपासून?"

"दिवाळी झाली ना, तेव्हापासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू आली असतीस," ताई म्हणाली. "आलीसच."

मी चिडले. तिच्या सुनेला, तिच्या मुलाला, माझ्या मुलाला, बिल्डरला, जे तोंडाला येईल ते बोलले. ताई ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "जिना कसा उतरलीस ते सांग." मी तिला करून दाखवलं, म्हणजे उभ्या उभ्याच, हात कसे टेकले, चादर कशी ओढली, साडी कुठवर गेली. ताई हसायला लागली. ती एकदा हसायला लागली की थांबत नसे. डोळे पुसत पुसत आम्ही दोघी गजांच्या दोन बाजूंना हसत होतो आणि जाणारा-येणारा वळून बघत होता. एकाने थांबून विचारलं, "अम्मा, ताला तुड़वाना है क्या?" ताई घाईघाईने म्हणाली, "नहीं भैया, बहू आती होगी." तो गेला. ताईने आतून मला गुळाचा खडा आणि शेंगदाणे दिले. मी तिथे उभीच्या उभी ते खाल्ले.

निघताना तिने माझा हात सोडला नाही. म्हणाली, "घरी सांगू नकोस हं."

"मी आले ते?"

"कुलपाचं. सांगशील तर तुझ्याही दाराला लावतील."

मी म्हटलं, "हिंमत आहे का कोणाची!"

परत येऊन जिना उलटा चढायचा होता, पाठ वर आणि तोंड खाली करून, एकेक पायरी. ते उतरण्याहून कठीण निघालं. पहिल्या मजल्यावर पोचले असेन, खालून मुलगा धावत आला. त्याने ऑफिसातून फोन केला होता, कोणी उचलला नव्हता. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "कुठे होतीस तू? ही तुला घाटावर शोधायला गेलीय."

घाटावर. मला अर्थ कळायला एक क्षण लागला, आणि कळल्यावर माझा तोल गेला. मी म्हटलं, "जीव द्यायला नव्हते गेले रे! बहिणीला भेटायला गेले होते!" आणि मग सगळंच बोलले. कुलपाचं तर सगळ्यांत आधी. "काय बाई माणसं आहेत! आपल्या आईला कोंडून जातात, गाईबैलांना बांधतात तसं!" तो माझ्या शेजारी पायरीवर बसला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. एवढा मोठा घोडा, ऑफिसच्या कपड्यांत. सून आली, तिचे डोळे सुजलेले, साडीचा काठ घाटावर ओला झालेला. तिलाही मी कुलपाचं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मुलाने कबूल केलं की दर रविवारी मला ताईकडे नेईल. त्या रात्री मी जेवले पोटभर आणि झोपले गाढ. मी जिंकले होते.

सकाळी दोघं नेहमीसारखी निघाली. तांब्या, औषधं, रिमोट, फोन, भाजीला मटार. सून दारात थांबली, वळून माझ्याकडे आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, दार वाजलं तरी उठू नका हं. उठायचं कामच नाही आता." मग दार लागलं. आणि दाराच्या त्या बाजूला काहीतरी लोखंडी खडखडलं आणि खटकन बसलं.

मी उठून दाराशी गेले. ओढून पाहिलं. पुन्हा ओढून पाहिलं. परत खुर्चीत येऊन बसले आणि मटार सोलायला घेतले.

तीनला फोन वाजला. मी उचलला आणि नुसतं "ताई" म्हटलं.

"लावलं?" ताईने विचारलं.

"लावलं."

"चावी कोणाकडे?"

"तिच्या पर्समध्ये."

"माझी पण," ताई म्हणाली.